खेळ थांबला म्हणून शिकणं थांबवू नका : खालिद जमील यांच्या वाटचालीतून आपल्यासाठी



पालकसभेत दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "सर, मुलगा दिवसभर मैदानावर असतो. एवढं खेळून पुढे काय?" उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात हा प्रश्न जरा जास्तच टोकदार असतो, आणि त्याची कारणं आपल्याला माहीत आहेत. वडील सकाळची लोकल पकडतात ते रात्री घरी येतात. आईची नोकरी, घर आणि शिकवणीच्या वेळा सांभाळताना दमछाक होते. मोकळी मैदानं कमी होत चालली आहेत. जी आहेत तिथे कधी मंडप, कधी लग्न, कधी गाड्या, आणि जूननंतर नुसता चिखल. मोठ्या स्पर्धा पाहायच्या किंवा खेळायच्या तर मुंबई गाठायची. बदलापूरच्या घरातून निघून कुपरेजच्या मैदानावर पोहोचायला दोन तास तरी धराच. अशा वेळी पालकाने "पुढे काय?" विचारलं तर त्याला दोष देता येत नाही.

पण या प्रश्नाला आपण शिक्षक जे उत्तर देतो, ते मला अपुरं वाटतं. आपण म्हणतो, "चांगला खेळला तर जिल्हास्तरावर जाईल, दहावीला क्रीडा गुण मिळतील, नशीब असेल तर पुढेही खेळेल." म्हणजे खेळाडू झाला तर खेळाचा उपयोग, नाही झाला तर वेळ वाया. माझं म्हणणं असं आहे की हा हिशोबच चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे सांगण्यासाठी आधी माझीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाचा गुडघा आंतरशालेय सामन्यात दुखावला. डॉक्टरांनी सहा महिने खेळायचं नाही म्हणून सांगितलं. वडील शाळेत आले आणि म्हणाले, "बरं झालं सर, आता तरी अभ्यासाला बसेल." मीही मान डोलावली. पी.टी.च्या तासाला बाकीची मुलं मैदानावर आणि हा वर्गात वह्या पूर्ण करत बसलेला, अशी व्यवस्था मीच लावली. एकदा तो खिडकीतून खेळ बघत होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "सर, आपले दोघं एकाच बॉलवर धावतात, म्हणून मधे जागा मोकळी पडते. तिथूनच गोल होतो." मी म्हणालो, "तू वही पूर्ण कर."

तो मुलगा पुढे पास झाला, बारावी झाला, नोकरीला लागला. त्याचं काही वाईट झालं नाही. पण गुडघा बरा झाल्यावरही तो मैदानावर परतला नाही. खेळ कळणारा एक मुलगा आपल्या शाळेने गमावला. त्याला दिसत होतं ते मला आणि खेळणाऱ्या अकरा जणांना दिसत नव्हतं, आणि मी त्याला वही पूर्ण करायला सांगितलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताच्या पुरुष फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाल्याची बातमी वाचली, तेव्हा मला तो मुलगा आठवला.

खेळाडू म्हणून खालिद जमील

खालिद जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आईवडील भारतीय. खेळाडू म्हणून त्यांची बहुतेक कारकीर्द मुंबईत झाली. १९९७ च्या सुमारास ते महिंद्राच्या संघात आले, मग एअर इंडियाकडून खेळले, पुन्हा महिंद्रा युनायटेडमध्ये परतले. मैदानाच्या मधल्या फळीत खेळायचे. भारताच्या संघातूनही खेळले. कोलकात्याच्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन मोठ्या क्लबांकडून त्यांना बोलावणं होतं. पण तेव्हा या क्लबांचे प्रायोजक मद्य कंपन्या होत्या, म्हणून त्यांनी ते नाकारलं असं सांगितलं जातं.

पुढे मात्र दुखापतींनी त्यांची पाठ सोडली नाही. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. जमील त्या संघात होते, पण त्या वर्षांत मैदानापेक्षा त्यांचा वेळ बाहेर जास्त गेला. २००७ मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब निघाला, तिथे ते खेळाडू म्हणून गेले. २००९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांनी खेळणं थांबवलं.

आता आपला नेहमीचा हिशोब लावून बघा. हुशार खेळाडू, देशाकडून खेळलेला, पण दुखापतीमुळे मनासारखी कारकीर्द झाली नाही. आपल्याकडे अशा माणसाबद्दल लोक हळहळतात आणि म्हणतात, "बिचाऱ्याचं नशीब!" गोष्ट तिथेच संपते. जमील यांची तिथे संपली नाही. त्याच वर्षी त्याच क्लबने त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं.

सात वर्षं 'ड' तुकडी

मुंबई एफसी हा काही श्रीमंत क्लब नव्हता. आय-लीगमध्ये तेव्हा गोवा आणि कोलकात्याचे जुने, मोठे क्लब होते. कुपरेज मैदानाचं काम निघालं तेव्हा मुंबईच्या या संघाला 'घरचे' सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. मोठे खेळाडू आणायला पैसे नाहीत, मैदान नाही, प्रेक्षक मोजके.

अशा संघाला जमील यांनी २००९ ते २०१६ अशी सात वर्षं सांभाळलं. या सात वर्षांत संघ एकदाही विजेता झाला नाही. पण एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही. टीका खूप झाली. खेळ कंटाळवाणा आहे, संघ नुसता बचाव करतो, बरोबरीवर समाधान मानतो, असं लोक म्हणायचे. ती टीका अगदी खोटीही नव्हती.

शिक्षक मित्रांनो, हे वाचताना तुम्हाला कोणाची आठवण झाली? मला आमच्या शाळेतल्या 'ड' तुकडीच्या वर्गशिक्षकांची झाली. 'अ' तुकडीच्या शिक्षकांचा फोटो निकालाच्या दिवशी फलकावर लागतो, कारण त्यांची मुलं नव्वदच्या पुढे जातात. 'ड' तुकडीत चाळीस मुलांपैकी एकही मूल शाळा सोडून गेलं नाही, सगळी दहावीच्या परीक्षेला बसली, यासाठी कोणाचा फोटो लागत नाही. पण ते काम सोपं असतं का? ज्याने केलंय त्यालाच ते माहीत.

२०१६ मध्ये क्लबने जमील यांना काढलं. त्यानंतरचं एकच वर्ष बघा. २०१६-१७ च्या हंगामात मुंबई एफसी गुणतक्त्यात सर्वांत खाली गेला, घसरला, आणि पुढे तो क्लबच बंद पडला. सात वर्षं जे 'नुसतं तरणं' वाटत होतं, त्याला किती कष्ट लागत होते ते तेव्हा कळलं.

ऐजॉल : नापास झालेला संघ

त्याच हंगामात काढून टाकलेले प्रशिक्षक मिझोरमला गेले. ऐजॉल एफसी हा त्यांना मिळालेला संघ आदल्या वर्षी आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून माघार घेतली म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली, एवढंच. आपल्या भाषेत सांगायचं तर एटीकेटीवर वर्ग चढलेला विद्यार्थी.

जमील यांनी काय केलं? मिझोरमची स्थानिक मुलं होतीच. त्यांच्या जोडीला सीरियाचा महमूद अल-आम्ना, लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान असे मोजके परदेशी खेळाडू आले. गोव्याचा गोलरक्षक आल्बिनो गोम्स आला. आणि मुंबईहून आशुतोष मेहता व जयेश राणे हे दोघे आले. हे दोघेही मुंबई एफसीमध्ये जमील यांच्या हाताखाली खेळलेले. ज्या मुलांना सात वर्षांच्या 'ड' तुकडीत शिकवलं, त्यांच्यावरच त्यांनी नव्या वर्गात भरवसा टाकला.

दहा संघांच्या त्या स्पर्धेत ऐजॉलने १८ सामन्यांपैकी ११ जिंकले, ४ बरोबरीत सोडवले. एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० ने हरवलं. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये शेवटचा सामना होता, समोर शिलाँग लाजाँग. बरोबरी झाली तरी विजेतेपद मिळणार होतं. पहिला गोल लाजाँगने केला. मग ऐजॉलच्या विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि सामना १-१ असा सुटला. ऐजॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. एका गुणाने ऐजॉल भारताचा विजेता झाला. ईशान्य भारतातल्या क्लबने ही राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

त्या एका गुणाकडे जरा थांबून बघा. मुंबईत ज्या बरोबरीला लोक 'कंटाळवाणी' म्हणत होते, तशाच चार बरोबऱ्यांचे चार गुण त्या ३७ मध्ये आहेत. त्यातली एक जरी हातची गेली असती तर विजेतेपद गेलं असतं. हातातला गुण सुटू न देण्याची सवय मुंबईत लागली होती, ती ऐजॉलमध्ये कामी आली.

आणखी एक गोष्ट आपल्या पट्ट्यासाठी सांगतो. २०११ च्या जनगणनेनुसार मिझोरम या अख्ख्या राज्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख. त्याच जनगणनेत उल्हासनगर साधारण ५ लाख, अंबरनाथ अडीच लाख आणि कुळगाव-बदलापूर पावणेदोन लाख. म्हणजे आपली तीन शहरं मिळून जवळजवळ एका मिझोरमएवढी! आज तर आपण आणखी वाढलो आहोत. तेव्हा "आपल्याकडे मुलंच कुठे आहेत?" हे कारण चालणार नाही. मुलं आहेत. पण मुलांकडे बघणारी, त्यांना शिकवणारी माणसं आपण तयार करत नाही.

पुढची वाट सरळ नव्हती

जमील यांची गोष्ट मुलांना सांगताना इथेच थांबण्याचा मोह होतो. पण अर्धी गोष्ट सांगू नये, मुलांना ते कळतं.

ऐजॉलनंतर ते ईस्ट बंगालला गेले, तिथे विजेतेपद मिळालं नाही. मोहन बागानमध्येही थोडाच काळ राहिले. इंडियन सुपर लीगमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने २०२१ च्या जानेवारीत हंगाम अर्धवट असताना संघ त्यांच्या हाती तात्पुरता दिला. साखळीतल्या उरलेल्या सामन्यांत संघ एकदाही हरला नाही आणि उपांत्य फेरीत गेला. त्याच वर्षी ते या स्पर्धेतले पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. आणि पुढच्याच हंगामात संघ अकरापैकी दहावा आला.

मग जमशेदपूर. २०२४-२५ मध्ये त्यांचा संघ सुपर लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, सुपर कपच्या अंतिम सामन्यात गोव्याकडून हरला. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. गोव्याचे सावियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी या पदावर भारतीय माणूस बसला. सुरुवात छान झाली. मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये भारताने ताजिकिस्तानला हरवलं आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवलं. पण महिन्याभरातच मडगावला सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशियाई करंडकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही १-० ने हरवलं.

म्हणून मी हा लेख 'यशस्वी माणसाची गोष्ट' म्हणून लिहीत नाही. त्यांचं पद उद्या राहील की नाही, हे निकाल ठरवतील. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की खेळाडू म्हणून लवकर थांबलेल्या या माणसाकडे खेळाबद्दलची जाण होती, ती वाया गेली नाही. ऐजॉलच्या मुलांना ती मिळाली, जमशेदपूरच्या मुलांना मिळाली.

हे फक्त एका माणसाचं नाही

आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. रमाकांत आचरेकर सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच क्रिकेट सामना आहे. खेळाडू म्हणून मोजलं तर एक. पण शिवाजी पार्कवर त्यांनी जी मुलं घडवली त्यांची यादी सचिन तेंडुलकरपासून सुरू होते. एका सामन्यानंतर कोणी त्यांना "आता क्रिकेट पुरे" म्हणून कायमचं कचेरीत बसवलं असतं तर?

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण तर आपल्या मुलांना हमखास आवडेल. उत्तर आफ्रिकेतल्या छोट्या ट्युनिशियाचे अब्देलमजीद शेताली हे आधी त्यांच्या देशाचे खेळाडू, मग प्रशिक्षक. १९७८ च्या विश्वचषकात त्यांचा संघ मेक्सिकोविरुद्ध मध्यंतराला ०-१ ने मागे होता. सामना संपला तेव्हा ट्युनिशिया ३-१ ने जिंकला होता. विश्वचषकात आफ्रिकेच्या संघाने जिंकलेला तो पहिलाच सामना. पुढे पोलंडकडून हार आणि पश्चिम जर्मनीशी बरोबरी, म्हणजे पहिल्या फेरीतच परतीचा प्रवास. पण आफ्रिकेचे संघ जिंकू शकतात, हे त्या दिवशी जगाने पाहिलं.

मग आपण शाळेत काय करायचं?

२०१७ आठवतंय का? ऐजॉलने लीग जिंकली त्याच वर्षी, १५ सप्टेंबरला, राज्यात 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' हा कार्यक्रम झाला. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता, काही सामने नवी मुंबईत. म्हणून शाळाशाळांना फुटबॉल दिले गेले. सगळीकडे मुलं एकाच दिवशी खेळली, फोटो निघाले. आता प्रामाणिकपणे सांगा, तुमच्या शाळेतले ते बॉल नंतर कुठे गेले? आमच्याकडचे बरेच दिवस कपाटात होते, प्रयोगशाळेच्या जुन्या सामानाशेजारी. बॉल आले, पण ते घेऊन मुलांना शिकवणारं माणूस त्यांच्यासोबत आलं नव्हतं. ते माणूस वरून येणार नाही. ते आपल्याच वर्गात बसलेलं असतं, बहुतेकदा संघात निवड न झालेलं किंवा पाय दुखावलेलं.

म्हणून अगदी साध्या, बिनखर्चाच्या चार गोष्टी सुचवतो.

पहिली, जे मूल खेळू शकत नाही त्याला वर्गात बसवू नका. त्याच्या हातात वही-पेन्सिल द्या आणि मैदानाच्या कडेला बसवा. किती पास पूर्ण झाले, बॉल कुठे हरवला, कोणता खेळाडू बॉल नसताना काय करत होता, हे त्याने लिहायचं. तास संपल्यावर पाच मिनिटं सगळ्यांनी त्याचं ऐकायचं. गणिताचे शिक्षक हवे तर त्याच आकड्यांवर सरासरी शिकवू शकतात.

दुसरी, आठवी-नववीच्या मुलामुलींना पाचवीच्या मुलांना शिकवू द्या. आठवड्यातून एक तास पुरे. दुसऱ्याला शिकवताना स्वतःला किती येतं ते कळतं, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

तिसरी, पालकांना रस्ता नीट सांगा. प्रशिक्षक होण्यासाठीही परीक्षा असतात. डी लायसन्स, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो, अशा पायऱ्या आहेत. पंचांच्या परीक्षा वेगळ्या. शिवाय फिजिओथेरपी, सामन्यांचं विश्लेषण, शारीरिक शिक्षणाची पदवी असे रस्ते आहेत. सगळ्यांना नोकरी मिळेल असं खोटं आश्वासन देऊ नका. पण 'खेळाडू नाहीतर काहीच नाही' हेही खरं नाही, एवढं नक्की सांगा.

चौथी आपल्या मुख्याध्यापकांसाठी. परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला किंवा विज्ञानाला देणं बंद करा. मी स्वतः असे तास घेतले आहेत, म्हणून सांगतो. त्या एका तासाने कोणाचे मार्क वाढलेले मला आठवत नाहीत.

पालकांसाठी शेवटचं

पालकहो, तुमच्या मुलाची निवड झाली नाही, दुखापत झाली, किंवा त्याच्यापेक्षा दुसरी मुलं चांगली खेळतात हे त्याला कळलं, तर तो दिवस त्याच्यासाठी फार वाईट असतो. त्या दिवशी "बरं झालं, आता अभ्यास कर" हे वाक्य तेवढं टाळा. अभ्यास तर करायचाच आहे. त्याऐवजी त्याच्या शेजारी बसून एक सामना बघा आणि विचारा, "तुला काय दिसलं रे?" तुम्हाला खेळातलं काही कळत नसलं तरी चालेल. तो सांगेल.

आमच्या शाळेत गेली दोन वर्षं मैदानाच्या कडेला एक वही असते. परवा सहावीतल्या एका मुलीने तिच्यात लिहिलं होतं : "आपल्या संघात सगळे बॉलकडे बघतात, एकमेकांकडे कोणी बघत नाही." हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून डाव्या हाताने लिहिलेलं वाकडंतिकडं अक्षर. मी तिला अक्षर सुधारायला सांगितलं नाही. ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि संघाला वाचायला लावलं.

तुमच्या शाळेतही अशी एक वही सुरू करून बघा. खर्च वीस-तीस रुपयांचा आहे.